मी शाळेत होते

माझा जन्म नागपूरचा, महाल भागातला. वडील रेल्वेच्या कचेरीत कारकून, आम्ही चार बहिणी, आणि वडिलांचा हट्ट असा की पोटाला चिमटा घेईन पण मुलींना कॉन्व्हेंटमध्येच घालीन, त्यामुळे घरात मराठी आणि फाटकाबाहेर इंग्रजी, आणि दोन्हीकडे शिस्त एकच, उच्चार स्वच्छ हवा. ईशा, नील, हे मी तोंडाने सांगते आहे आणि टाइप करते आहे तुमची अंजूआत्या, कारण पंधरा दिवसांपूर्वी इथे अमेरिकेत, रेडमंडला, पावसात पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. एरवी मी स्वतः लिहिलं असतं, समास सोडून, मुद्देसूद. तोंडाने सांगायचं म्हणजे इकडेतिकडे जाणारच. आत्याला बजावलं आहे, मी म्हणेन तसं लिहायचं, पदरचं घालायचं नाही.

ईशा, रविवारी तू फोनवर विचारलंस, आजी, ब्रिटनमध्ये वरचे लोक खालचे लोक असं अजून असतं का, शाळेत निबंध लिहायचा आहे. आणि तू लिहिलेलं वाचूनही दाखवलंस, की हे सगळं आता संपलं आहे, माझी आजी भारतातून आली आणि ब्रॅडफर्डच्या शाळेत शिक्षिका झाली. मी गप्प झाले तेव्हा तुला वाटलं फोन कट झाला. फोन चालू होता, बाळ. ते वाक्य खोड. मी शाळेत होते, चोवीस वर्षं होते, पण शिकवत नव्हते. मी मुलांना दुपारचं जेवण वाढत होते. तुमच्याकडे इंग्लंडात त्याला 'डिनर लेडी' म्हणतात, म्हणजे जेवणाची बाई. तुझ्या बाबाला आणि आत्याला हे ठाऊक होतं, पण घरात आम्ही कधी बोललो नाही, आईची शाळा म्हणायचो, झालं. अंजू, टाइप करताना थांबू नकोस.

तर काय सांगू तुम्हाला, मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, लग्न झालं, तुमचे आजोबा डिप्लोमा झालेले, त्यांना ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणीत काम मिळालं आणि आम्ही गेलो. मला वाटलं होतं, आपण कॉन्व्हेंटच्या, आपल्याला कोणी अडवणार नाही. शिक्षिकेच्या जागेसाठी गेले तर साहेबांनी माझी पदवी उलटीसुलटी करून पाहिली, परत दिली, आणि म्हणाले, इंग्रजी छान बोलता हो तुम्ही, कुठे शिकलात? जागा नाही म्हणाले. मग शेजारणीने सांगितलं, शाळेच्या स्वयंपाकघरात माणूस हवं आहे. गेले. दुसऱ्याच दिवशी अंगात निळा झगा, डोक्याला जाळी आणि हातात बटाट्याच्या लगद्याचा डाव. घरी वडिलांना पत्रात काय लिहायचं? लिहिलं, शाळेत लागले. खोटं नव्हतंच ते, मुलंसुद्धा आम्हाला मिसच म्हणायची. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले, माझी मुलगी इंग्रजांना इंग्रजी शिकवते म्हणून. ते गेले तोवर मी ते दुरुस्त केलं नाही. त्यानंतर कोणासाठी करायचं, असं वाटलं.

आता शब्दांची गंमत ऐका, कारण सगळी गोम तिथेच आहे. कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले होते, दुपारी लंच, रात्री डिनर. आमच्या स्वयंपाकघरात मात्र दुपारच्या जेवणाला डिनर आणि संध्याकाळच्या जेवणाला 'टी'. लंच म्हणायचे ते हेडमास्तर आणि त्यांच्यासारखे. माझ्याबरोबर मॉरीन म्हणून होती, लाल हातांची, गडगडाटी हसणारी, तिने एकदा आम्हाला टीला बोलावलं. आम्ही आपले घरी वरणभात जेवून, चहाच्या बेताने साडेपाचला पोचलो, तर टेबलावर अंडी, चिप्स, वाटाणे, पाव-लोणी आणि वर केक, आणि बिचारीने आम्हाला मांस चालत नाही म्हणून मुद्दाम वेगळं केलेलं. आजोबांनी भिडेपोटी सगळं संपवलं आणि घरी आल्यावर आडवे झाले ते सकाळी उठले. पुढे वर्षअखेरीला हेडमास्तरांच्या पत्नीने शाळेत काम करणाऱ्या सगळ्यांना टीला बोलावलं. आम्ही आता शहाणे झालेलो, दुपारपासून काही खाल्लं नाही, चूलही पेटवली नाही. तिथे फुलाफुलांचे कप आणि कागदासारखी काकडीची सँडविचेस, कडा कापलेली, माणशी दोन. घरी येऊन खिचडी टाकली. एकच शब्द, बरं का, आणि दोन घरं. कोणाच्या घरी पोट रिकामं ठेवून जायचं हे कळायला मला सहा वर्षं लागली.

आणि एकदा तो शब्द तोंडात बसला की निघत नाही. दुपारी डिनर म्हणणारी मी झाले ती झालेच.

आजोबा गेल्यावर मी इथे आत्याकडे आले. इथे आपली मराठी माणसं पुष्कळ, पुण्याची, मुंबईची, नागपूरची, सगळी त्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नाहीतर बेलव्ह्यूच्या ऑफिसांत. मराठी मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात कोणीतरी विचारलं, काकू, इंग्लंडला काय करत होतात? मी म्हटलं, शाळेत होते. तेव्हापासून सगळे मला बाई म्हणू लागले. तुमच्या पिढीला सांगायला हवं, मराठीत शाळेच्या मास्तरणीला बाई म्हणतात, आणि भांडी घासायला येते तिलाही बाईच म्हणतात. एकीला हाक मारताना माणूस उभा राहतो आणि दुसरीला हाक मारताना बसलेला असतो, एवढाच फरक. मला सगळे उभं राहून बाई म्हणत. मला ते आवडायचं, कशाला लपवू.

मग त्यांनीच मला गळ घातली, बाई, गुरुवारी सकाळी कम्युनिटी सेंटरची खोली मिळते, नवीन आलेल्या बायकांना आणि आईवडिलांना बोलायचं इंग्रजी शिकवा. शिकवायला लागले. आणि खरं सांगू, चांगलं शिकवत होते. जे करायला मी इंग्लंडला गेले होते ते मला इथे मिळालं, बासष्टाव्या वर्षी. अमेरिकन लोक तर माझे उच्चार ऐकून भारावून जायचे, किती एलिगंट बोलता म्हणायचे. माझ्या बोलण्यात अर्धं नागपूर कॉन्व्हेंट आणि अर्धी मॉरीन आहे हे त्यांना कसं कळणार, त्यांच्या कानाला ती भोकंच नाहीत.

दोन वर्षांनी तिथे हॅरिएट आली. इंग्लंडच्या दक्षिणेकडची, माझ्याच वयाची, नवरा कंपनीत मोठा, हिला वेळ होता म्हणून सेंटरने वर्गाची व्यवस्था हिच्याकडे दिली. आम्ही दोघी ब्रिटिश म्हणून सगळ्यांनी आमची जोडी लावून दिली. तीन आठवडे ती माझ्याशी कादंबऱ्यांबद्दल बोलायची, हे वाचलंय का, ते वाचलंय का, आणि मी वाचलेलं असायचं. मग एका गुरुवारी मी सहज म्हटलं, बाराला वर्ग सोडू या, बायकांना डिनरला घरी पोचायचं असतं. तिने मान जराशी कलती केली. मग अगदी गोड आवाजात विचारलं, सुमती, ब्रॅडफर्डच्या त्या शाळेत तू खिडकीच्या कोणत्या बाजूला होतीस? स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये वाढण्याची खिडकी असते ना, ती. मी हसले आणि फळा पुसायला लागले. तिने कोणाला काही सांगितलं नाही, तेवढी ती सभ्य आहे. पण पुढच्या गुरुवारपासून कादंबऱ्या बंद झाल्या. माझ्याशी ती सावकाश बोलायला लागली, एकेक शब्द सुटा करून. आणि म्हणाली, सुमती, तेवढं कॉफीच्या भांड्याचं बघशील का? आपण बदललो हे तिला कळलंसुद्धा नसेल. मी उठले आणि कॉफीचं बघितलं. अगं, माझे पायच उठले.

आता माझं सांगते, कारण दुसऱ्याचं सांगून थांबणं बरं नाही. त्याच महिन्यात वर्गात सुनंदाबाई आल्या. मंगेश म्हणून कंपनीत एक मुलगा आहे, हुशार, नाव झालेला, त्याची आई. यवतमाळ जिल्ह्यातल्या, पुसदच्या. नवरा लवकर गेला, मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला राहिल्या आणि मंगेशला इंजिनिअर केलं. त्याने त्यांना इथे कायमचं आणलं. पहिल्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, नमस्कार बाई, थोडं पानी भेटन का? ते 'पानी' माझ्या कानावर पडलं आणि कानाने आपलं काम केलं. मी काही विचारलं नाही, त्यांना शेवटच्या खुर्चीवर बसवलं आणि ए बी सी डीचा कागद हातात दिला. त्यांना इंग्रजी वाचता येत होतं, दुकानातली सगळी पाकिटं त्या वाचायच्या, मला नंतर कळलं. दोन आठवड्यांनी मी माझाच आवाज ऐकला, सुनंदाबाई, तेवढं कॉफीचं बघाल का? आणि त्या उठल्या. मी उठले होते तशाच, पदर खोचून. हॅरिएटने माझ्यावर काय केलं हे मी रागाने घोळवत होते, आणि तेच मी खाली सरकवून दिलं होतं, पुऱ्या दोन आठवड्यांत.

एका गुरुवारी वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. नातीच्या शाळेतून आलेला कागद घडी घालून आणला होता, शाळेच्या स्वयंपाकघरात मदतनीस हवी, सकाळी सात ते दोन. म्हणाल्या, बाई, हे काम मले जमन, इंग्रजीत उत्तर द्यायचं तेवढं शिकवा. घरी बोलला आहात का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, पोरगा नाही म्हनते. सकाळी दोघं गाडीनं जाते, पोरगी शाळेत जाते, मी खिडकीत बसून पाऊस पाह्यते. हे नाही जमलं तं मी मार्चमध्ये पुसदले परत जाते. त्याले अजून सांगतलं नाही.

शनिवारी मंगेश घरी आला. बाई, तुम्ही तिला एक्सप्लेन करा ना प्लीज, तुम्ही टीचर होतात, तुमचं ती ऐकेल. तिला इथे काय कमी आहे? तिला बोअर होत असेल तर योगा क्लास लावून देतो, मंदिरात व्हॉलंटिअर करू दे. माझ्या टीममधल्या लोकांची मुलं त्याच शाळेत आहेत, यार, सॉरी बाई. मी म्हटलं, काम वाईट आहे का? त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, वसतिगृहात माझ्या वर्गातली मुलं जेवायची, आई त्यांना वाढायची. ती मुलं मला म्हणायची, तुझी आई पोळी जाड करते. आता माझ्या मुलीला कोणी काही म्हटलं तर? मला त्याचा राग येईना. मी म्हटलं, गुरुवारी वर्गात ये, तुझ्यासमोर बोलते. तो सुटल्यासारखा हसला. त्याला वाटलं, बाई त्याच्या बाजूने बोलणार.

आत्याचं म्हणणं पडलं, आई, तू तुझं कशाला काढतेस, नुसतं सांग की कुठलंही काम हलकं नसतं. मी रविवारभर विचार केला, इस्त्री करता करता. कुठलंही काम हलकं नसतं हे वाक्य खिडकीच्या पलीकडून फार सोपं असतं. शिक्षिका म्हणून मी ते म्हटलं असतं तर मंगेशने मान डोलावली असती, आणि सुनंदाबाई मार्चमध्ये विमानात बसल्या असत्या. आणि खरं सांगितलं तर माझं बाई म्हणवून घेणं जाईल, कदाचित वर्गही जाईल. मला ते नको होतं. तरी मी ठरवलं. एकदा ठरवलं की मी बदलत नाही, हे तुमच्या बाबाला विचारा.

गुरुवारी बारा-तेरा जणी, दोन आजोबा, कपाटापाशी हॅरिएट, आणि दारात मंगेश, हातात गाडीची किल्ली. मी फळ्यापाशी उभी राहिले, आधी मराठीत बोलले आणि मग तेच इंग्रजीत, हॅरिएटलाही कळावं म्हणून. मी म्हटलं, मी इंग्लंडला शाळेत होते हे खरं आहे, पण मी शिकवत नव्हते. मी तिथे जेवणाची बाई होते. चोवीस वर्षं मुलांना वाढलं आणि त्यांची ताटं विसळली.

पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, अगंबाई, आम्हाला वाटलं होतं. मी म्हटलं, मी वाटू दिलं. मंगेश किल्लीकडे बघत होता. पुढे काय बोलायचं ते ठरवलेलं होतं, पाठ केलेलं होतं, पण एकही शब्द आठवेना. तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून सुनंदाबाईंचा आवाज आला. किती जनाचं करत होत्या, बाई?

तीनशे दहा, मी म्हटलं.

दोन पंगती का तीन?

दोन.

अन् वाढायले किती जनी?

पाच.

त्यांनी मनात काहीतरी मांडलं आणि म्हणाल्या, कमी हाय.

सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. मग आमच्या दोघींचं जे सुरू झालं, बटाटे किती पोती, डाळ लागू नये म्हणून काय करायचं, दुसऱ्या पंगतीला भात गार कसा होऊ द्यायचा नाही, त्यात बारा कधी वाजले कळलं नाही. एकमेकींना तोडून बोलत होतो. असं मी कादंबऱ्यांबद्दल कोणाशी बोलले नव्हते. मंगेश दारातून हलला नव्हता. वर्ग सुटल्यावर आईजवळ आला आणि म्हणाला, आई, सकाळी सातला फार थंडी असते गं. त्या म्हणाल्या, तीस वर्सं भट्टीपुढं गेले, आता थंडी भेटू दे थोडी. त्याचं ते थंडीचं बोलणं हाच त्याचा होकार होता.

मी कॉफीचं भांडं विसळत होते तर हॅरिएट शेजारी येऊन उभी राहिली आणि फडक्याने कप पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती, एकच कप. मग म्हणाली, मी आठ वर्षं निवासी शाळेत होते, रोज एकच बाई आम्हाला वाढायची, आणि मघापासून मी तिचं नाव आठवते आहे. मला नाही वाटत ते मला कधी माहीत होतं. हे म्हणताना ती सावकाश बोलत नव्हती.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. आधी अन्न हाताळण्याचा परवाना, इथे त्याला कार्ड म्हणतात, त्याची छोटी परीक्षा, गरम किती गरम, गार किती गार, हात किती वेळ धुवायचे, ते सुनंदाबाईंनी चार दिवसांत पाठ केलं. मुलाखतीची तालीम हॅरिएटने घेतली, अगदी खुर्ची मांडून, तुम्हाला हे काम का हवं आहे म्हणून. सुनंदाबाई म्हणायच्या, बिकॉज आय नो. आम्ही म्हणायचो, पुढे काहीतरी बोला, मला मुलं आवडतात, मी वेळेवर येते. त्या म्हणायच्या, ते तं सगळेच म्हनन. मुलाखतीत त्यांनी तेवढंच सांगितलं, बिकॉज आय नो, आणि दोनशे मुलांच्या वसतिगृहाचं. काम मिळालं.

आता त्या रोज सकाळी साडेसहाच्या बसने जातात. मार्च येऊन गेला. मंगेश मित्रांना सांगतो, आई स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आहे, म्हणजे इथल्या शाळाखात्यात. ऐकलं तेव्हा मला हसू आलं. त्या वाक्याचं व्याकरण माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. मी त्याला काही म्हटलं नाही, तो दुरुस्त करील तेव्हा करील, मला चाळीस वर्षं लागली. वर्ग चालू आहे, दोघी जणी यायच्या थांबल्या, तिघी नवीन आल्या. काही जण मला आता बाई न म्हणता काकू म्हणतात, म्हणोत. सुनंदाबाई मात्र अजून बाईच म्हणतात, आणि त्यात कुठली बाई आहे ते आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलेलं नाही. कॉफीचं ज्याच्या हाताशी भांडं असेल तो बघतो, परवा हॅरिएटने केली, फारच पातळ झाली होती.

तेव्हा ईशा, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. वरखाली संपलेलं नाही. तुम्ही तिथून विमानाने इथे या, पुसदहून या नाहीतर नागपूरहून या, ते बरोबर येतं. ते कपड्यांत नसतं, कानात असतं, म्हणून दिसत नाही. माझ्या कानातून ते गेलं आहे असं मी म्हणणार नाही, पानी ऐकलं की अजून आत काहीतरी हलतं. पण आता हललं की मला कळतं, आणि मग मी उठून स्वतः पाणी आणून देते. एवढं जमलं आहे. उरलेलं तुम्ही दोघांनी करायचं.

आणि हे काही नुसतं निबंधात लिहून भागायचं नाही. उद्या शाळेत जेवायच्या रांगेत उभे राहाल तेव्हा जी बाई तुम्हाला वाढते तिला तिचं नाव विचारा, दोघांनीही, आणि परवापासून त्या नावाने हाक मारा. रविवारी फोनवर मी नावं विचारणार आहे. माहीत नाही हे उत्तर चालणार नाही. वाढलेलं सगळं खा, पानात टाकू नका, सुखी राहा, मोठी व्हा.